दाजींची नळी आणि उस्तादांची जिप्सी

लेहमधलं माझं दुसरं वर्ष. सप्टेंबर संपत आलेला, सकाळी नळाला बर्फाचा पापुद्रा धरायला लागलेला. हिवाळ्याआधीची गाड्यांची तपासणी जोरात चालू होती. संध्याकाळी हात धुऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला. पलीकडे उस्ताद होते.

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि माणूस पेन्शनवर गेला तरी ते नाव सुटत नाही. भोपाळच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये माझ्या हातात पहिला पाना यांनीच दिला. सातारा जिल्ह्यातले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावातली एक जुनी जिप्सी घेतली होती, तेराशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली. ज्या रस्त्यांवर आयुष्यभर हुकमाने गाड्या नेल्या, तिथे एकदा स्वतःच्या मर्जीने जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आरं, ब्रेकचं पेडल दगडागत झालं," ते म्हणाले. "टागलांग ला उतरत होतो. म्होरं टँकरची रांग. क्लच दाबून सारखा ब्रेक लावत होतो. तिसऱ्या वळणाला उभा राहिलो पेडलवर, तरी गाडी थांबंना. हँडब्रेक वढला आन् डोंगराच्या अंगाला घासली. आता उपशीत हाय."

"उस्ताद, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा हाय. पर तूच म्हणला व्हतास ना, काळजीचं काय न्हाई म्हणून?"

मी म्हणालो होतो. एकदा नाही, दोनदा. दोन महिन्यांपूर्वी चंदीगडजवळच्या एका गॅरेजात त्यांनी इंजिनात नवा 'परफॉर्मन्स' कॅमशाफ्ट बसवून घेतला, चढाला जोर मिळावा म्हणून. त्यानंतर व्हॅक्यूम गेजचा काटा 18 इंचांवरून 12 वर आला. त्यांनी फोन केला, तेव्हा मी म्हणालो, "तसला कॅम घातला की व्हॅक्यूम उतरतोच, उस्ताद." मग सरचूहून फोन आला की ब्रेक जड लागतोय. तेव्हा म्हणालो, "उंचीचा परिणाम आहे." दोन्ही उत्तरं खरी होती. त्या दोन खऱ्या उत्तरांच्या आड तिसरी गोष्ट लपून बसली होती, आणि मी गाडी न पाहता बोललो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. ती गोष्ट नीट लक्षात ठेवली असती, तर सरचूच्या फोनवरच माझ्या तोंडून वेगळं उत्तर आलं असतं. आजचा लेख त्या गोष्टीचाच आहे.

आपल्याकडे विहिरीवर पंप बसवताना तो काठावर न ठेवता आत, पाण्याच्या जवळ ओट्यावर उतरवतात, हे गावाकडच्या कुणालाही माहीत आहे. पाणी फार खोल असलं तर वरून ओढणारा पंप कितीही दणकट असो, पाणी वर येत नाही. कागदावर ही मर्यादा साधारण 10 मीटर, प्रत्यक्षात त्याहून कमी. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना हाच अनुभव येत होता. गॅलिलिओपर्यंत ही तक्रार पोचली होती. त्या काळी शिकवण अशी की निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पाणी पोकळीमागे धावतं. मग 10 मीटरनंतर निसर्गाला ती कशी काय सहन होऊ लागते, याला उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं तोरिचेल्लीने. पाण्याऐवजी त्याने पारा घेतला, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंडावर बोट धरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली की पारा थोडा उतरतो आणि सुमारे 76 सेंटिमीटरवर, म्हणजे 30 इंचांवर थांबतो. 1644 साली पत्रातून त्याने याचा अर्थ मांडला. पोकळी पाऱ्याला ओढत नाही. बाहेरच्या हवेचं वजन भांड्यातल्या पाऱ्यावर पडतं आणि ते नळीतल्या पाऱ्याला वर धरून ठेवतं. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याचं म्हणणं.

व्हॅक्यूम गेजवरचे 'इंच' हे त्याच पाऱ्याच्या नळीचे इंच आहेत. आणि गेज दाखवतो ती फक्त तफावत: बाहेरची हवा वजा आतली हवा. बाहेरची हवाच कमी झाली, तर आत काहीही बिघडलेलं नसताना काटा खाली येतो.

आता गोष्ट येते ती ब्लेझ पास्कालच्या दाजींची. पास्काल तेव्हा पॅरिसमध्ये होता. तोरिचेल्लीचं म्हणणं खरं असेल तर डोंगरावर पारा कमी चढला पाहिजे, कारण तिथे डोक्यावर हवा कमी. पण पास्कालची तब्येत तोळामासा. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, फ्लोरँ पेरिए, मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ गावी राहायचा, आणि गावाशेजारीच प्युई द दोम नावाचा 1465 मीटर उंचीचा डोंगर. पास्कालने 1647 च्या नोव्हेंबरात दाजींना पत्र लिहिलं. दाजींना सवड आणि हवामान दोन्ही जमेपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. 19 सप्टेंबर 1648 च्या सकाळी ते निघाले.

पेरिए काही शास्त्रज्ञ नव्हता, सरकारी न्यायालयातला अधिकारी होता. पण त्याने जे केलं ते प्रत्येक मेकॅनिकने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. गावातल्या मठाच्या बागेत त्याने एकसारख्या दोन नळ्या उभ्या केल्या. दोन्हींत पारा एकाच उंचीवर थांबला. मग एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या एका पाद्रीबुवांना सांगितलं, दिवसभर हिच्यावर लक्ष ठेवा, पारा हलतो का पाहा. दुसरी नळी घेऊन तो डोंगर चढला. वर पारा आठ सेंटिमीटरहून अधिक खाली आलेला दिसला. त्याने एकदाच पाहून समाधान मानलं नाही. माथ्यावर वेगवेगळ्या जागी, उघड्यावर आणि आडोशाला, पुन्हा पुन्हा मोजलं. खाली आल्यावर बुवांना विचारलं. खालची नळी दिवसभर हलली नव्हती.

मला या गोष्टीतला खरा नायक ती खालची नळी वाटते. ती नसती तर कुणीही म्हणालं असतं, त्या दिवशी हवाच तशी असेल, ऊन असेल, नळीत दोष असेल. तिच्यामुळे हे सगळं एका फटक्यात वजा झालं आणि उरला तो फक्त डोंगर. आज दाब मोजायच्या एककाला पास्कालचं नाव आहे. दाजींचं नाव कुठे नाही.

या दाबाला कामाला जुंपायला मग फार वर्षं लागली नाहीत. 1712 साली इंग्लंडात न्यूकमेनचं इंजिन चालू झालं. त्यात सिलिंडरमधली वाफ थंड करून पोकळी करायची, आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली ढकलायची. खाणीतलं पाणी उपसायचं काम अशा रीतीने हवेच्या वजनाने केलं. 1876 साली ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन आलं, तेव्हा पोकळी हा इंजिनाचा श्वास झाला. दट्ट्या खाली जातो, सिलिंडरात पोकळी होते, बाहेरची हवा पेट्रोल घेऊन आत शिरते.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटार इंजिनांत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला कॅम नव्हताच. एक हलकी स्प्रिंग असायची, आणि सिलिंडरातली पोकळीच तो व्हॉल्व्ह उघडायची. इंजिनाचा वेग वाढला तसा हा बिचारा व्हॉल्व्ह मागे पडू लागला, म्हणून त्यालाही कॅमच्या हवाली केलं. पुढे शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की वेगात वाहणाऱ्या हवेलाही जडपणा असतो, ती धावत असते. आत येणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद केला तरी ती आत घुसतच राहते. धूर बाहेर जाणारा आणि हवा आत येणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले, तर जाणारा धूर नव्या हवेला ओढून घेतो. वरच्या वेगाला ताकद वाढते. परफॉर्मन्स कॅम म्हणतात तो एवढाच.

पण इंजिन रेंगाळत असताना हवेला तो जोर नसतो. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहिले की धूर उलटा आत येतो, आणि आलेली हवा थोडी परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. तिथला व्हॅक्यूम उतरतो, काटा थरथरतो. म्हणून मी उस्तादांना म्हणालो ते खोटं नव्हतं. किती उतरायला हवा, हे मात्र मी विचारलं नव्हतं.

आणि ब्रेकचा याच्याशी संबंध काय? जुन्या मंडळींना रेल्वेचा व्हॅक्यूम ब्रेक आठवत असेल. गाडी सुटण्याआधी व्हॅक्यूम तयार होईपर्यंत थांबावं लागायचं. तिथली रचना शहाणपणाची होती. व्हॅक्यूम ब्रेकला सोडवून धरायचा. नळी तुटली, डबे सुटले किंवा कुणी साखळी ओढली, की हवा आत शिरून ब्रेक आपोआप लागायचे. मोटारीत उलट आहे. बेल्जियन अभियंता द्वांद्र याच्या रचनेवरून बॉश कंपनीने 1927 साली मोटारींसाठी व्हॅक्यूमची मदत घेणारा ब्रेक बाजारात आणला. आपल्या गाडीतला बूस्टर त्याच घराण्यातला. पाय पेडल दाबतो, आणि पडद्याच्या एका बाजूला इंजिनाचा व्हॅक्यूम व दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा मिळून त्या पायाला जोर देतात. व्हॅक्यूम गेला तर ब्रेक लागत नाही असं नाही, पण मदत जाते. उरतो फक्त तुमचा पाय. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम साठलेला असतो. तो खर्च झाला आणि इंजिनाकडून भरून आला नाही, तर पेडल दगड होतं.

टागलांग ला सुमारे 5,300 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, पाऱ्याचे पंधरा-सोळा इंच. इंजिन निर्दोष असलं तरी बूस्टरच्या हाती ताकद कमीच. त्यात क्लच दाबून, रेंगाळत्या इंजिनावर, टँकरमागे सारखे ब्रेक. उस्तादांची पुंजी तिसऱ्या वळणाला संपली.

दुसऱ्या दिवशी ते हळूहळू, गिअरमध्येच, सिंधूकाठच्या रस्त्याने लेहला आले. रविवार होता. फौजेच्या वर्कशॉपमध्ये खासगी गाडी घ्यायची नसते, म्हणून गावातल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याची जागा मागून घेतली. त्याच्या शेजाऱ्याकडे तशीच तेराशेची जिप्सी होती, मूळ कॅमची, व्यवस्थित चालणारी. मी पहिल्यांदा तीच मागितली.

उस्ताद म्हणाले, "आजारी ही हाय, तिला कशाला तपासतोस?"

"ती आपली खालची नळी आहे," मी म्हणालो, आणि चहा पिता पिता त्यांना दाजींची गोष्ट सांगितली.

दोन्ही इंजिनं गरम करून, सारख्याच फेऱ्यांवर ठेवून, एकाच गेजने मोजली. शेजाऱ्याची गाडी 9 इंच. उस्तादांची 3, काटा थरथरतोय. आता वहीतला हिशेब पाहा. चंदीगडला मूळ कॅमवर 18, नव्या कॅमवर 12, फरक 6. लेहला निरोगी गाडी 9, उस्तादांची 3, फरक तोच 6. उंचीने दोघींकडून सारखाच कर घेतला होता. म्हणजे उंची वजा झाली. उरलेले सहा इंच या गाडीचे स्वतःचे होते. चढाला जोर देणाऱ्या साध्या कॅमने दोन-तीन इंच खावेत हे मला पटत होतं. सहा पटत नव्हते.

पहिला संशय गळतीचा. बूस्टरची आणि इंजिनाच्या श्वासाची नळी एकेक करून चिमटली, काटा हलला नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर पाण्याचा फवारा मारला, आवाज बदलला नाही. बूस्टरची परीक्षा सोपी असते. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं, बूस्टर ठीक. व्हॉल्व्हची फट मोजली, तीही ठीक.

मग कॉम्प्रेशन. पुस्तकातला आकडा लेहमध्ये कामाचा नाही, म्हणून पुन्हा शेजारणीशी तुलना. उस्तादांच्या गाडीचे चारही सिलिंडर तिच्यापेक्षा कमी, पण चारही एकसारखे. एखादा व्हॉल्व्ह जळला असता किंवा रिंग गेली असती तर एकच सिलिंडर मागे पडला असता. चौघांना एकच दुखणं म्हणजे चौघांच्या वरचा कुणीतरी चुकतोय. वेळ चुकतेय.

"इग्निशन लायटीनं लावून दिलंय त्यांनी, माझ्यासमोर," उस्ताद म्हणाले.

इग्निशन खरंच बरोबर होतं. पण डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेत अगदी टोकाला फिरवलेला दिसला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकावरूनच फिरतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं, क्रँकची खूण जागेवर आणली. कॅमच्या पुलीची खूण एक दात मागे होती.

कॅम बसवताना बेल्ट एका दाताने चुकला होता. त्यामुळे व्हॉल्व्ह उशिरा उघडत होते, उशिरा मिटत होते आणि ठिणगीही उशिरा पडत होती. गॅरेजवाल्याने लाइट लावून ठिणगी तेवढी दुरुस्त केली, आणि तिच्या दुरुस्तीने मूळ चूक झाकली गेली. खालचा जोर गेला, वरचा थोडा वाढला, म्हणून सगळ्यांना वाटलं की कॅम आपलं काम करतोय. मलाही.

बेल्ट जागेवर बसवला, डिस्ट्रिब्युटर मधोमध आला, इंजिन चालू केलं. काटा 7 वर गेला. थरथर उरली, पण थोडी. चार इंच त्या एका दाताचे होते. शेजारणीशी राहिलेला दोन इंचांचा फरक ही कॅमची खरी किंमत.

उस्तादांना मी एवढंच म्हणालो, "चूक माझी आहे. फोनवर बोलायला नको होतं."

ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी पर हाय. उतारावर क्लच दाबू नका, गिअर सोडू नका, हे तुम्हा पोरांना मीच शिकवलं. उतारावर थ्रॉटल मिटलेला आन् इंजिन फिरतं असलं, की व्हॅक्यूम आपसूक भरतो. आन् मीच क्लचवर पाय ठिवून बसलो." गाडीच्या मागे पोत्यात गुंडाळलेला मूळ कॅमशाफ्ट होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घरी गेल्यावर ह्यो परत घालतो. दोन इंच मला या वयात परवडत न्हाईत."

ते परत गेले ते श्रीनगरच्या रस्त्याने, गिअरमध्ये उतरत. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्येच होतो.

त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक रीडिंगसमोर आणखी दोन रकाने आहेत. एकात जागा आणि उंची, दुसऱ्यात त्याच जागी, त्याच दिवशी, निरोगी गाडीचा आकडा. नवीन पोरं विचारतात, हा दुसरा रकाना कशाला? मी त्यांना मठाच्या बागेत दिवसभर पाऱ्याकडे बघत बसलेल्या पाद्रीबुवांची गोष्ट सांगतो. आणि कुणी फोनवर गाडीचं दुखणं सांगितलं, तर आधी विचारतो, "शेजारची गाडी काय दाखवतेय?"

जय हिंद.